तीन मिनिटं

तक्रार त्यांच्या मुलीची होती, कोपनहेगनहून :
बाबांचं घर अधूनमधून मरतं.
पंखा, हीटर, भांडी धुणारं यंत्र
सगळं एकदम गप्प,
आणि मग जणू काही झालंच नाही.

मी क्लाक्सविकला गेले. बोगद्यापलीकडे धुकं.
हानुस दारातच उभे, स्वेटरच्या कोपराला
भलत्याच रंगाच्या लोकरीचं ठिगळ.
"घर ठीक आहे," म्हणाले, "मुलगी लांब आहे."

नोंदी उघडल्या.
दर तासाला दोनदा, ठोक्यावर आणि अर्ध्यावर,
तीन मिनिटं.
हा नियम कुणी घातलेला नव्हता.
घरानं तो उचलला होता,
लहान मूल मोठ्यांची भीती उचलतं तसा,
कारण न विचारता.

"चौतीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओवर होतो.
दर अर्ध्या तासाला समुद्रावरचे सगळे गप्प बसायचे,
बुडणाऱ्याचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून.
माणूस निवृत्त होतो, कान होत नाही.
वेळ झाली की मी उठून एकेक बटण बंद करायचो.
पहिल्या हिवाळ्यात हे यंत्र हुज्जत घालायचं,
पुन्हा सुरू व्हायचं.
दुसऱ्या हिवाळ्यात
माझ्या आधी गप्प होऊ लागलं."

"ऐकू आलं कधी कुणी?"

त्यांनी दोन बोटं वर केली.
मग त्यातलं एक मिटलं.

माझ्या हातातल्या पडद्यावर प्रश्न थांबलेला :
सगळं पुसून नव्यानं सुरू करायचं?
माझं बोट कुठलंही बटण दोनदा दाबतं.
पहिल्या फोनची काच तडकलेली होती,
एकदा सांगितलेलं त्याला पटायचं नाही.
तो फोन जाऊन बारा वर्षं झाली,
अजून प्रत्येक यंत्र मला उतावीळ समजतं
आणि जरा जास्तच वेळा विचारतं : नक्की ना?

किटली नुकती कुजबुजायला लागली होती.
अकरा एकोणतीस.
साडेअकरा.
किटली थांबली.

टेबलावर दोन कोरडे कप, आम्ही दोघं,
आणि एक घर, ज्याला ठाऊक नाही
आपण कुणासाठी कान देऊन बसलोय.
बाहेर धुक्यात काहीतरी खोकलं.
मी दचकून खिडकीकडे पाहिलं.
हानुसनी नाही. "मेंढी," ते म्हणाले,
पण तीन मिनिटं संपल्यावर.

अहवालात लिहिलं : दोष आढळला नाही.
मुलीला काय कळवायचं
ते अजून लिहिलेलं नाही.