चौकडीचं कापड

पदवीची गुंडाळी फणीच्या रिकाम्या खोक्यात ठेवली,
तेव्हा बाबांनी विचारलं, आता?
त्यांचा माग माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीत गेला.
भंगारवाल्याने लाकूड वेगळं तोललं, लोखंड वेगळं.
जमिनीतला खड्डा तेवढा त्याला नेता आला नाही.
त्यावर फळी टाकून माझं टेबल केलं.

तांडापेठेतला मे महिना.
पाय खड्ड्यात सोडून मी अर्ज लिहिते.
खाली गार असतं.
बाबांच्या टाचांनी झिजलेली माती,
डावीकडे जरा जास्त.
माझा पाय तिथेच जाऊन बसतो, न सांगता.

सुरतेहून फोन आला एकदा :
संध्याकाळपर्यंत अशीच साडी काढून पाठवा,
फक्त मोर उलटा करा, म्हणजे आमची झाली.
केला उलटा. तीनशे रुपये आले.
महिन्याभराने गांधीबागेत तो भेटला,
दुकानदाराने साडीच उलटी टांगली होती,
मोर आपला पुन्हा सरळ.

वच्छलामावशी म्हणते,
"कायले शिकली वं येवढं? डीएड करून घे, मास्तरीण होशीन."
वर्गातली निहारिका बंगळुरात उशांची चित्रं काढते,
खऱ्या उशीला हात लागून वर्ष झालं म्हणते.
माझ्या फायलीत बारा नमुने आहेत,
करवती काठ, कागदावर, दाते मोजून.
तो विणायला तीन धोटे लागतात आणि दोन माणसं.
मुलाखतीला मी एकटीच जाते.

बुटीबोरीत शाळेच्या गणवेशाचं कापड निघतं.
ठवकर साहेबांनी चहा मागवला नाही, नाव विचारलं नाही.
एक तुकडा पुढे सरकवला :
यात चुकलं काय?
मी कड उसवली, टाचणीने धागे ओढले,
तपकिरी सहा हवेत, आठ पडलेत.
म्हणून चौकड लांबुळकी दिसते,
मुलं जाडी दिसतील.
ते हसले की नाही, सांगता येणार नाही.
सोमवारपासून या. सोळा हजार.
सहा महिन्यांनी बघू.

घरी सांगितलं.
"चौकड्या?" बाबा म्हणाले, "चार वर्षं चौकड्यांसाठी?"
मग उठून बाहेर गेले, ओट्यावर बसले.
मी भांडी घासली. आईने काहीच विचारलं नाही,
तिने भात जरा जास्त टाकला होता, एवढंच.
साडेनऊला बाबा आत आले.
"उभे किती धरतात?"
मी म्हटलं, इंचाला बावन्न.
"आणि आडवे?"
अठ्ठेचाळीस.
"मंग चौकड चौकोनी कशी राह्यीन? धुतल्यावर आटते, बाप्पा."
कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला एवढं मोठं वाक्य दिलं.
आम्ही साडेअकरापर्यंत भांडलो,
जुन्या विजेच्या बिलामागे रेघा ओढून,
शेवटी ते चुकले, आणि मीही थोडी.

आता सहा चाळीसची बस, गोळीबार चौकातून.
उजेड नीट फुटलेला नसतो, ऊन मात्र सुरू झालेलं असतं.
कुणी विचारलं, काय करतेस, तर
कापडात आहे म्हणते, आणि विषय बदलते.
करवती काठाची फाईल माळ्यावर नाही टाकली.
फळीवरच आहे.

परवा पाचपावलीच्या फाटकाशी गाडी जायची वाट पाहत
एक पोरगा उभा होता, दप्तर पोटाशी धरून.
त्याच्या शर्टाचा खिसा शिवणाऱ्याने कसाही लावलेला,
खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला भेटत नव्हती,
अर्ध्या बोटाने चुकत होती.
कापड आमचं नव्हतं.
तरी हात शिवशिवले.
फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले,
आणि मी अजून त्या खिशाकडेच पाहत होते.