एफ बारा

उद्यमनगरात मगदूमांच्या फाउंड्रीत
ऑफिसचा एक कॉम्प्युटर आहे.
पासवर्ड, मालकांच्या थोरल्या नातवाचं नाव.
पडद्यावर नव्या गाडीचा फोटो, हार घातलेला.
आत टॅली, जॉबवर्कची चलनं,
कुणाची किती उचल.

सहाला भट्टी निवते.
"मुल्लाणी मॅडम, कुलूप ओढून बघा,"
म्हणत मालक जातात.

मग मी पर्समधून काढते
जुन्या लॅपटॉपचं काळीज,
राजारामपुरीत तीनशेच्या डबीत बसवून घेतलेलं.
निळी वायर मागच्या पोर्टलाच लावायची,
पुढचं ढिलं आहे.
बटण दाबायचं आणि एफ बारावर बोट,
टक टक टक,
निजल्या घराशेजारची खोली उघडावी तसं.

मालकांचं घर उठतच नाही.
त्याच पंख्यावर, त्याच मेमरीत,
ळ दाबून धरावा लागतो त्याच कीबोर्डवर
माझं बिऱ्हाड उतरतं.
चार मिनिटं लागतात. लागू देत.

फार काही करत नाही.
पंपाचं एक आवरण काढते,
फिरवून बघते, आतून, खालून.
अब्बा सागवानात कोरायचे हेच,
पटाशीनं, कानावर पेन्सिल.
म्हणायचे, पॅटर्न उचलला
तरी वाळूत त्याची जागा राहिली पाहिजे.
माझं उलटं.
आठला वायर काढली
की मशीनला मी आठवत नाही.

एकतीस मार्चला सकाळी
निळा पडदा आला आणि हललाच नाही.
सीएचा तिसरा फोन.
शाहूपुरीचा दुरुस्तीवाला म्हणाला, दोन दिवस तरी.
मालक खुर्चीत बसले ते
टोपी काढून.

मी पर्स उघडली.
सगळ्यांदेखत टक टक टक.
चार मिनिटं कुणी बोललं नाही.
माझ्या खोलीतून त्यांचं घर दिसत होतं,
दारं सताड, माणूस नाही,
पण वर्षाचा हिशोब जागच्या जागी.
कॉपी लावली. हिरवी पट्टी
मुंगीच्या पावलानं सरकायला लागली.

मालक पट्टीकडे बघत नव्हते.
मागे उघडं राहिलेलं आवरण
आपोआप फिरत होतं.
"हे कुणाचं ड्रॉइंग?"

घाईत वायर पुढच्या पोर्टला लावली होती.
दोन बोटांनी ती दाबून धरत
मी म्हणाले, माझं.
एकोणचाळीस टक्के.