तीन हात भिंत

राइसमिलचं दार आणि खिडकी
यांच्यामधली भिंत, तीन हात रुंद.
नाटकाचं नाव : ‘सौभाग्याच्या उंबरठ्यावर’.
एका ओळीत पाहिजे, म्हणे कंपनीचा मालक.

गिरमाजी पेंटर निळीची दोरी फटकारतो.
आधी शिरोरेघ.
मग तिच्याखाली अक्षरं, उंच, अंग चोरून,
मंडपाच्या कनातीला टेकलेल्या
बिनतिकिटाच्या पोरांसारखी.

“दांडी जाड ठेव वं पोरी,
पोतं उचलणाऱ्याच्या दंडावानी.
पण भ चं पोट दाबू नोको.
उपाशी अक्षर येस्टीतून वाचता येत नाई.”

सौ च्या मात्रा छपराच्या पत्र्याला लागल्या,
वाकवल्या.
ठ्य पाशी मी अडकले :
ठ चा गोळा, त्याला चिकटलेला य,
आणि उरलेली जागा चार बोटं.
त्यानं अंगठ्यानं ओला रंग पुसला,
ठ चं उभं अंडं केलं
आणि त्याच्या बगलेत य बसवला.

पटाचं पत्रक, बियाण्याचं दुकान,
सगळीकडे त्याची हीच अक्षरं.
‘येथे पंक्चर निघते’ला अख्खी भिंत मोकळी होती,
तरी दाबूनच लिहिलं. हाताची सवय.

फक्त कोपऱ्यातलं ‘गिरमा, वडसा’
बारीक, पसरट,
जेवून ओसरीवर लवंडल्यासारखं.

रस्ता ओलांडून पाहिलं.
आरमोरीची बस आली.
खिडकीतला एक माणूस ओठ हलवत गेला.
‘वर’पर्यंत पोचला का,
कळलं नाही.