घट

मलमलीनं चांदीवर ओरखडा उठतो का,
असं मला कुणी विचारलं असतं
तर एकोणीसच्या ऑगस्टआधी मी हसले असते.

पाणी उतरलं तेव्हा हरभट रोडवर
गाळ पायरीपायरीनं वाळत होता.
पायगोंडामामांच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीची रेघ,
रेघेखाली लोखंडी कपाट,
कपाटात अल्बम, पानाला पान चिकटलेलं,
आणि प्रत्येक खिशात चमचाभर कृष्णा.

मामा तेव्हा विट्याला, लेकीकडं.
फोनवर एवढंच म्हणाले, "नाणी राहू देत तशीच."
मला वाटलं, भिडेनं म्हणतायत.
भांडी घासून झाली, फरशी तीनदा धुतली,
मग दुपारभर नाणी पुसत बसले.

मलमल माझ्याच ओढणीची,
धुऊन धुऊन इतकी विरलेली
की तान्ह्याच्या कानामागून फिरवावी.
एकेक रुपया तळहातावर घ्यायचा,
फुंकर घालायची, पुसायचा गोल गोल,
चष्मा पुसतो तसा.
राणी उजळली. तिच्यामागनं राजा.
एकोणीसशे अकराचा तो एक,
ज्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला,
तो जरा जास्तच पुसला.
सोंड दिसावी म्हणून.

नवव्या दिवशी मामा आले.
नाणं कडेनं धरलं, दोन बोटांत,
तव्यावरची भाकरी धरावी तसं,
आणि खिडकीच्या उन्हात तिरकं केलं.
बोलले नाहीत.
दुसरं उचललं. तिसरं.
मग भिंग माझ्या हातात दिलं.

राजाच्या गालावर केस.
बारीक, शेकडो,
सगळे एकाच बाजूनं वळलेले,
माझ्या मनगटाच्या वळणाचे.

"ओढणी मऊ होती," मी म्हणाले.
"ओढणीनं काय केलं नाही.
कापसाची काय ताकद?
ओढणीत काय बसलं होतं ते बघ की."
उंबऱ्याच्या कोपऱ्यातला वाळका गाळ
त्यांनी चिमटीत घेतला,
म्हणाले, दाताखाली धर.
कर्र वाजलं.
"महाबळेश्वर," मामा म्हणाले.

वरनं सुटलेला दगड,
पन्नास कोसांत पिठाएवढा झालेला,
पण दगडच.
चांदी त्याच्यापुढं लोणी.

रात्री उशिरापर्यंत सांगत होते,
माझ्याकडं न बघता:
लक्ष्मीपूजनाला रांगोळीनं घासलेले रुपये,
नाकडोळे गेलेले, पण घरच्यांना किती चकचकीत;
मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेलं तांबं,
चार उन्हाळ्यांत हिरवं, चिकट;
कौतुकानं टेकवलेला अंगठा,
जो वर्षभरानं काळा होऊन उमटतो.
कठीण वस्तूपासून माणूस नाणं जपतोच, म्हणाले.
लोखंडी खिळ्यानं कोण पुसतं?

मी मार्केट यार्डात अडतीवर हिशेब लिहिते.
तिथं हळद ड्रममध्ये घालून फिरवतात.
आत सुरी नाही, कानस नाही,
हळकुंडाला हळकुंडच घासतं
आणि पिवळंधमक होऊन बाहेर येतं.
आत गेलं त्यापेक्षा बाहेर आलेलं कमी भरतं.
त्याला आम्ही घट म्हणतो. वेगळा रकाना असतो.
बारा वर्षं रोज तो रकाना भरत होते,
आणि तरी.

"मामा, किती घट आली?"
"वजनात? काहीच नाही."

पुढच्या वर्षी कोल्हापूरचा एक व्यापारी आला.
अकराचा रुपया एकदाच फिरवला, खाली ठेवला.
"पुसलेला आहे," म्हणाला, आणि निम्मी किंमत सांगितली.
मी चहा घेऊन दारातच उभी.
मामांनी रुपया उचलला, कडेनं,
"विकायचा नव्हता," म्हणाले. "दाखवायचा होता."
कुणाला, ते मी विचारलं नाही.

अल्बममधलं एक पान मी उघडलंच नव्हतं त्या दुपारी,
दिवे आले नव्हते आणि उजेड संपला.
त्यातली सहा नाणी अजून गाळातच आहेत,
मामांनी त्यांना बोट लावलेलं नाही.

ओढणी मी टाकली नाही.
किती पाण्यांतून काढली, मोजलं नाही.
झटकली की काही उडत नाही, उन्हात धरली की काही चमकत नाही.
चष्मा मात्र तिनं पुसत नाही.