छत्रीचं कापड

बुधाजी तांडेल दुकानात आला
आणि शटर स्वतःच अर्धं खाली ओढलं.
वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं
सुकट ठेवावी तसं मशीनवर ठेवलं.
"कुडाळच्या मेडिकलातलो. एकच उरलो हा.
बघ, तुका काय समाजता काय."

मला कात्री चालवायला निमित्त लागत नाही.
तीस वर्षं वेंगुर्ल्यात परकर, ब्लाऊज, शाळेचे गणवेश,
दशावतारातल्या राण्यांचे शालूसुद्धा टाचले,
पण असली शिवण पाहिली नव्हती.
दोरा कुठेच नाही, सगळं तापवून चिकटवलेलं.
वर कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ थर, हाताला कोरडा,
खाली कापसाचा लगदा, लगद्यात
रव्यासारखी पांढरी पूड.
मांड्यांशी इलॅस्टिकचे दोन उभे काठ,
शेताला मेर घालावी तसे.
बाहेर पिवळी रेघ, ओलावली की निळी होणारी.
कोणीतरी बसून, विचार करून केलेलं.
कोणाचा तरी बाप असणार त्याच्या डोळ्यांपुढे.

पूड वाटीत काढली, पेलाभर पाणी ओतलं.
भिजल्या साबुदाण्यासारखी फुगली.
वाटी उपडी केली, थेंब सांडेना.
"रव जरा," म्हणाला बुधाजी,
आणि बंदरावरून तांब्याभर समुद्र घेऊन आला.
दुसऱ्या वाटीत तो ओतला.
पूड थोडी प्यायली, मग थांबली.
पाणी वर तसंच, हलत राहिलेलं.
"खारां नको तेका," तो म्हणाला
आणि हसला.
अकरा महिन्यांत त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी, भाच्याच्या लग्नात, पंगतीत
त्याने सोलकढीची वाटी मुद्दाम मांडीवर लवंडली होती.
सगळे म्हणाले, अरेरे, नवं धोतर.
समोर बसलेल्या मला तेवढं कळलं,
कारण कोकमाचा रंग
आधीच ओल्या कापडावर पसरतो तो वेगळा.

"महाग पडता," तो सांगू लागला.
"जाळलो तर वास. पुळणीत पुरलो तर कुत्रे उकरतत.
आणि चलताना वाजता. बायको म्हणता,
कुरमुऱ्यांची पिशवी इली."

आठ दिवस लागले.
आत जुन्या फलाटीचे चार पदर, मध्ये टॉवेल,
बाहेर काय लावावं तेच सुचेना.
ताडपत्री वाजते, रेक्झिनने घामोळं येतं.
मग माळ्यावरची मोडकी छत्री दिसली.
काड्या काढल्या, कापड उलटं धरलं.
आयुष्यभर त्याने पाणी बाहेर ठेवलं होतं,
आता आत ठेवायचं, एवढंच.
पहिली गळाली. दुसरी मांडीला काचली.
तिसरी नेली, परत आणली नाही.

जत्रेच्या रात्री तो पहिल्या रांगेत होता,
चटईवर, कानटोपी घालून, पहाटे दव पडेपर्यंत.
मध्ये दोनदा चहासुद्धा घेतला.
त्याची बायको सत्यवती नाटक कमी
आणि त्याचं धोतर जास्त बघत होती.

आणि मी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून.
ती गळालेली पहिली
मी माझ्याच मापाने कापली होती.
का, हे बुधाजीने विचारलं नाही.
तिसऱ्या बाळंतपणापासून खोकला आला की
मी पायडलवरचा पाय थांबवते,
शिंक आली की पाय आवळते,
आणि हसू येईल अशा ठिकाणी जायचं टाळते.
गळालेल्या जागी मी नंतर एक पट्टी वाढवली.
त्या रात्री संकासुर लंगडत आला, राजाच्या मुकुटाला नाक पुसलं,
तेव्हा हसले. बसल्या जागी, पदर बाजूला,
पाय सैल सोडून.

परसातल्या दोरीवर आता काळे तुकडे वाळतात,
दोन माझे, चार त्याचे.
शेजारची फिलोमिना कुंपणावरून विचारते,
हां काय गो?
छत्रये, मी म्हणते. दुरुस्तीक इले.
ती जरा वेळ बघते.
मग हळू आवाजात विचारते,
एकाचे किती घेतंस?