टोकन नंबर एकेचाळीस

सोहारच्या रिफायनरीत, दोन नंबर गेटवर,
लायटर जमा करावा लागतो.
डंबरबहादूर तो खोक्यात टाकतो,
बदल्यात पितळी टोकन देतो. माझं एकेचाळीस.
संध्याकाळी परत घेताना
माझा हात माझ्याआधी खिडकीत पोचतो.

आत माझं काम नळ्यांचं.
जेलीचा एक थेंब, त्यावर यंत्राचं टोक टेकवायचं
आणि भिंतीची जाडी वाचायची.
सात पूर्णांक एक. सहा आठ. सहा दोन.
बाहेरून रंग नवाकोरा,
आतून वर्षागणिक नखाएवढी झीज.
ठरल्या आकड्याखाली गेली, की मी तांबड्या खडूनं फुली मारतो.
मग ती नळी कोणाच्या बापाची असो, बंद होते.

दर दोन वर्षांनी व्हिसासाठी माझीही पाहणी होते.
शर्ट काढून थंडगार पाटीला छाती लावायची.
"श्वास घे. धर," काचेपलीकडून आवाज. "सोड."
गेल्या खेपेला 'धर' आणि 'सोड' यांच्यामध्ये
अख्खा उन्हाळा गेला.
त्यांना फक्त क्षय शोधायचा असतो.
क्षय नव्हता. शिक्का बसला: फिट.
त्या आनंदात मी पार्किंगमध्येच एक पेटवली.

चौथ्या टॉवरच्या शिडीला एकोणसत्तर पायऱ्या.
तिसावीला मी थांबतो,
समुद्र बघतोय असं दाखवतो.
श्रीकाकुळमचा हेल्पर पोरगा सगळ्यांना सांगत असतो,
सरांना समुद्र फार आवडतो.

खोलीवर इस्माइल परकार, मंडणगडचा.
डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट आधी निळं झालं, मग काळं.
डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या वाटा बुजल्यात,
सिगरेट सोड, नाहीतर पाय सोड.
बोट गेलं.
इस्माइलनं चपलेचा नंबर तोच ठेवला
आणि ब्रँड बदलला. "ही लाइट आहे," म्हणतो.
मी हसलो. त्याच्याच पाकिटातली एक काढली.

मग शुक्रवारी ऋताचा फोन.
"बाबा, तुम्ही मधेच तुटता. नेटवर्क जातंय का?"
नेटवर्क भक्कम होतं, सगळ्या काड्या उभ्या.
तुटत होतो तो मी,
दोन शब्दांच्या मधे हवा आणायला गेलेला.
"हो गं," म्हणालो, "इथली रेंजच वाईट."

त्या रात्री खोकला दोनला आला, तीनला आला,
हजेरी घेणाऱ्या मुकादमासारखा.
भिंतीला पाठ लावून बसलो आणि हिशोब केला.
पैशांचा नाही. तो इस्माइल करतो,
एवढ्यात म्हणे गावच्या घरावर स्लॅब पडला असता.
मी केला तासांचा.
सहा ते सहा मी ओढत नाही.
अठरा वर्षं, ड्यूटीच्या एकाही दिवशी नाही,
कारण आत गॅस आहे
आणि कंपनीच्या नळ्या महाग आहेत.
तलफ येते, दारात उभी राहते, कंटाळून निघून जाते.
मेलो नाही मी.
म्हणजे जमतं मला.
कोणाच्या नळ्यांसाठी, एवढंच ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सहाचा भोंगा झाला.
डंबरनं लायटर पुढे केला.
"राहू दे," म्हणालो.
"किती दिवस?" त्यानं विचारलं.
त्याच्या वहीत त्यासाठी रकाना नाही.

आज अकरावा दिवस.
दाढेखाली लवंग. कपाळ ठणकतं.
काल इस्माइलवर ओरडलो, आमटीतल्या मिठावरून.
टोकन खिशात आहे.
तलफ आली की अंगठ्यानं आकडा चाचपतो.
आज शिडीवर छत्तिसावीला थांबलो
आणि समुद्र खरंच बघितला.
एक टँकर होता,
नांगर टाकून, कधीचा उभा.