खाली

सकाळी सहाला गुदैबियाच्या गल्लीत
इराण्याच्या तंदुरातून खुबूस निघतात,
जुन्या अरबी वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतात.
ते छातीशी धरून मी चार मजले चढते.
लिफ्ट चालू असते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढा,
त्यांचं होईल हळूहळू, तुमचं काय?

एकोणीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे.
मूठ वळा. सोडा. झालं सुद्धा.
कामगार, शेख, नुकतीच विमानातून उतरलेली पोरं,
सगळ्यांना तेच तीन शब्द.
स्वतःच्या बोटाला टोचताना मात्र
रोज मान दुसरीकडे वळवते
आणि आकडा जयवंतला वाचायला लावते.
एकशे बेचाळीस, तो म्हणतो,
जणू काही लय सांगतोय.

मार्चमध्ये तीन दिवस शमाल वाहत होता.
खिडकीच्या फटीतून पिठासारखी वाळू,
तबल्यांवर मी जुनी चादर टाकली होती.
चौथ्या दिवशी त्याच्या डाव्या हातातून कप सुटला,
इतका शांतपणे, की मला वाटलं त्यानेच ठेवला.
लहानसा झटका, डॉक्टर म्हणाले.
रिपोर्ट मी तीनदा वाचला,
लहानसा हा शब्द त्यात कुठे नव्हता.

आता मारिविक येते, दहा वाजता,
हिरवा चेंडू त्याच्या तळव्यात ठेवते,
इसा, दलावा, तत्लो,
तिच्या भाषेत दहापर्यंत मोजते.
दहाला ती थांबते, हा थांबत नाही.
अकरा, बारा, तेरा, मराठीत पुढे जातो,
सोळाला चेंडू सोडतो.
तिला वाटतं पेशंट फार जिद्दीचा.

या घरात आमची भांडणं झाली ती एसीवरून.
ऑगस्टात बाल्कनीचं दार उघडं राहिलं
की दाहिना उतरायचा,
एसी लावला की चढायचा,
आणि हा हातोडी घेऊन
रात्री अकराला गट्टे ठोकत बसायचा.
खालचे अबू जासिम एकदा वर आले.
आता ऐकावं लागणार, म्हणून मी ओढणी सावरली.
ते म्हणाले, माझे वडील मोत्यांच्या बोटीवर
मातीच्या घड्यावर ताल धरायचे,
ठोका, ठोका, मी जागाच असतो.

शुक्रवारी शलाकाचा फोन येतो पुण्याहून.
बाबा, हात दाखव.
हा उजवा दाखवतो.
तो नाही, ती म्हणते.
मग दोघंही थोडा वेळ
तिच्या स्कूटरच्या विम्याबद्दल बोलतात.

परवा रात्री त्याने चादर काढली.
नुसता उजवा हात चालवत राहिला.
मला तालातलं फार कळत नाही,
ऐकून ऐकून झालं तेवढंच,
पण धा लागतो तिथे ना येत होता,
धिंच्या जागी तिं.
म्हणाला, बघ, डग्गा गप्प बसला
की सगळा तीनताल खालीच होतो.
हे त्याने हसत सांगितलं
म्हणून मला भांडी घासायला उठावं लागलं.

आज खुबूस टेबलावर ठेवून
मी त्याच्या डाव्या बाजूला बसले.
काय करायचं सांग.
मनगट टेकव. वर. अजून वर.
बोटं आपट, दाबून ठेवू नकोस,
शीर शोधत नाहीयेस तू.
त्याने मान हलवली, एक, आणि
माझ्या हातून जे निघालं ते धा नव्हतं,
ओल्या पुठ्ठ्यावर मूठ पडावी तसं काहीतरी.
परत, तो म्हणाला.
परत.
सातव्यांदा की आठव्यांदा
एक गोल आवाज आला
आणि त्याच्या उजव्या हाताला लागून थांबला.
त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पुढचे बोल सुरू केले.
मी लगेच चुकले.

खालून काठीने छत ठोकल्याचा आवाज.
दोनदा. मग थांबून एकदा.
तक्रार आहे की दाद, कळेना.

खुबूस चामड्यासारखे झालेत.
मारिविक येईल इतक्यात.
माझी साखर बघायची राहिलीच आज.